तान्ह्या बाळाची छाती भरते तेव्हा

जुलै महिन्यातील एखादी रात्र. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्तीत पत्र्यांवर पाऊस कोसळत असतो. दहा बाय बाराच्या खोलीत ओले कपडे दोरीवर वाळत घातलेले असतात आणि तीन महिन्यांचे बाळ दूध ओढता ओढता मध्येच थांबते, किरकिरते, पुन्हा ओढू लागते. त्याच्या नाकाघशातून घरघर ऐकू येते. आजी त्याच्या छातीवर हात ठेवून म्हणते, "बाळाची छाती भरली गं." मग घरात एकच प्रश्न उभा राहतो. या पावसात पायऱ्या उतरून, रिक्षा शोधून आताच रुग्णालय गाठायचे, की सकाळपर्यंत थांबायचे?

अंधेरीची चाळ असो, बोरिवलीतील इमारत असो वा मुलुंडची वसाहत, हा प्रश्न उपनगरातील प्रत्येक मातेपुढे केव्हा ना केव्हा येतोच. त्याचे उत्तर अनेकदा भीतीवर किंवा शेजारणीच्या सल्ल्यावर सोडले जाते. वस्तुतः ते शोधण्याचे एक अत्यंत सोपे साधन प्रत्येक घरात असते. ते म्हणजे सेकंदकाटा असलेले घड्याळ. बाळाच्या आवाजावरून आजाराची तीव्रता ठरत नाही. ती त्याच्या श्वासाच्या गतीवरून व छातीच्या हालचालीवरून ठरते. या लेखाचा उद्देश एवढी एकच गोष्ट मातांच्या, आणि विशेषतः दिवसभर बाळ सांभाळणाऱ्या आजीच्या, मनावर ठसविणे हा आहे.

घरघर कशामुळे?

तान्हे बाळ पहिले काही महिने मुख्यतः नाकानेच श्वास घेते. त्याच्या नाकपुड्या लहान असतात. त्याला नाक शिंकरता येत नाही आणि कफ थुंकताही येत नाही. थोडासा शेंबूड नाकाच्या मागील भागात साचला, की प्रत्येक श्वासाबरोबर तो थरथरतो व आवाज होतो. बाळाच्या छातीची भिंत पातळ असल्याने ही थरथर पाठीवर किंवा छातीवर ठेवलेल्या हातालाही जाणवते. त्यामुळे कफ छातीत भरला आहे, असा समज होतो. पुष्कळ वेळा तो छातीत नसून नाकात असतो. साध्या सर्दीत नाक मोकळे केल्याबरोबर ही घरघर थांबते वा बरीच कमी होते, हा अनुभव अनेक मातांना असेल.

परंतु दरवेळी दुखणे नाकापुरते थांबत नाही. मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेला एक मिलिमीटर सूज आली, तर त्याला फारसे जाणवणार नाही. बाळाची चार मिलिमीटर व्यासाची नलिका मात्र चोहोबाजूंनी एक मिलिमीटर सुजली, तर तिचा व्यास निम्म्यावर येतो आणि हवेच्या प्रवाहाला होणारा विरोध सोळा पटींपर्यंत वाढू शकतो. विषाणूंमुळे बारीक श्वासनलिकांना अशी सूज येते, तेव्हा बाळाला धाप लागते व छातीतून सूं सूं आवाज येतो. यास ब्राँकिओलायटिस म्हणतात. एक वर्षाखालील बालकांत हा विकार विशेष आढळतो. जंतुसंसर्ग फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचला, म्हणजे न्यूमोनिया होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभरातील पाच वर्षांखालील सुमारे ७ लाख ४० हजार बालके न्यूमोनियाने दगावली. न्यूमोनियात सुरुवातीला घरघर असेलच, असे नाही. एखादे बाळ आवाज न करता, पण भराभर श्वास घेत असते. आणि खरा धोका तेथेच असतो.

गडचिरोलीने दिलेला धडा

श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्याची पद्धत आज जगभर रूढ आहे. ती खेड्यापाड्यांतील बालकांचे प्राण वाचवू शकते, याचा एक महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रानेच जगाला दिला, हे अभिमानाने नमूद केले पाहिजे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९८८ च्या सुमारास गडचिरोली जिल्ह्यातील गावांत एक प्रयोग हाती घेतला. गावातील आरोग्यदूतांना व सुईणींना बालकांचा न्यूमोनिया ओळखण्याचे व त्यावर औषध देण्याचे शिक्षण देण्यात आले. तसेच गावकऱ्यांना या आजाराची माहिती देण्यात आली. हा प्रयोग न झालेल्या गावांच्या तुलनेत या गावांत न्यूमोनियामुळे होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी आढळले. हे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

यात एक अडचण होती. अनेक सुईणी निरक्षर असून त्यांना फार पुढे मोजता येत नसे. मग एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका व मण्यांची ओळ यांची जोड असलेले श्वासमापक तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी ठरावीक मण्यापर्यंत पोहोचले, तर बाळाला न्यूमोनिया झाला असे समजायचे. डोंगरजंगलातील निरक्षर सुईण जे करू शकली, ते हाताशी घड्याळ व भ्रमणध्वनी असलेल्या उपनगरातील मातेला अवघड नाही.

श्वास कसा मोजावा?

बाळ शांत असताना किंवा झोपलेले असताना श्वास मोजावा. रडताना, दूध पिताना किंवा अंगात ताप चढलेला असताना श्वास मुळातच जलद होतो. अशा वेळी केलेली मोजणी फसवी ठरण्याचा संभव असतो. झबले वर करून पोट व छातीचा खालचा भाग उघडा करावा. खोलीत पुरेसा उजेड असावा. पोट एकदा वर येऊन खाली गेले, म्हणजे एक श्वास झाला. एकाने घड्याळाकडे पाहावे व दुसऱ्याने श्वास मोजावेत, म्हणजे चूक होत नाही. मोजणी पुरे एक मिनिट करावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे योग्य नव्हे. कारण तान्ही बाळे काही क्षण भराभर, तर काही क्षण अगदी सावकाश श्वास घेतात. संख्या अधिक आल्यास बाळाला शांत करून पुन्हा एकदा मोजावे.

यासाठी पुढील मर्यादा लक्षात ठेवाव्यात :

दोन महिन्यांहून लहान बाळ : मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास.
दोन महिने पूर्ण ते एक वर्षाच्या आतील बाळ : मिनिटाला ५० किंवा अधिक श्वास.
एक ते पाच वर्षांचे मूल : मिनिटाला ४० किंवा अधिक श्वास.

दोन्ही वेळच्या मोजणीत श्वास या मर्यादेला पोहोचले किंवा त्यापुढे गेले, तर घरगुती उपाय करीत बसू नये. बाळास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. दोन महिन्यांहून लहान बाळाच्या बाबतीत तर रात्र असली तरी थांबू नये.

दुसरी खूण छातीची आहे. बाळ श्वास आत घेते तेव्हा पोटाबरोबर छातीही वर यावयास हवी. त्याऐवजी बरगड्यांखालचा भाग आत खेचला जात असेल, तर फुप्फुसांना फार कष्ट पडत आहेत असे समजावे. आपल्याकडे यालाच 'पोट उडणे' म्हणतात. उपनगरांत स्थायिक झालेली उत्तरेकडील कुटुंबे 'पसली चलना' असे म्हणतात. शब्द वेगळे असले तरी खूण एकच, आणि ती ओळखण्याची नजर आपल्या आज्यांजवळ पूर्वापार आहे. ही खूण दिसताच घरातील उपचार थांबवून रुग्णालय गाठले पाहिजे.

याखेरीज पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास क्षणाचाही विलंब लावू नये : बाळ अंगावर पिणे सोडते किंवा पाजलेले सर्व ओकून टाकते, ते मलूल होते व जागे करूनही नीट जागे होत नाही, त्यास झटके येतात, ओठ, जीभ वा नखे निळसर दिसतात, श्वासागणिक ते कण्हते वा नाकपुड्या फुगवते, त्याचा श्वास मधूनच थांबतो. दोन महिन्यांखालील बाळास ताप येणे, तसेच त्याचे अंग गार पडणे, ही दोन्ही धोक्याचीच लक्षणे होत. अपुऱ्या दिवसांचे, जन्मतः वजन कमी असलेले अथवा हृदयविकार असलेले बाळ असेल, तर साधी सर्दी झाली तरी डॉक्टरांचा सल्ला लवकर घ्यावा.

कोविडच्या साथीत अनेक घरांत बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे लहान यंत्र आले. ते मोठ्या माणसाच्या बोटासाठी बनविलेले असते. बाळाच्या इवल्या बोटावर ते नीट बसत नाही व आकडा चुकीचा दाखविते. त्यावर विसंबून निर्धास्त राहू नये.

साध्या सर्दीत घरी काय करावे?

श्वास मर्यादेत आहे, छाती आत ओढली जात नाही आणि बाळ दूध पीत आहे, तर पुढील उपाय पुरेसे होत.

पहिला उपाय स्तनपानाचा. सर्दी झाली म्हणून अंगावरचे दूध बंद करू नये. आईने भात किंवा केळे खाल्ले म्हणून बाळाला सर्दी होते, ही समजूतही निराधार आहे. नाक चोंदलेल्या बाळाला एका दमात पोटभर पिता येत नाही. म्हणून थोडे थोडे, पण वारंवार पाजावे. दुधामुळे शरीरातील पाणी टिकते व कफ पातळ राहतो. खोकताना बाळ कफ गिळते आणि तो उलटी वा शौचावाटे बाहेर पडतो. एखाद्या उलटीत कफ दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

दुसरा उपाय नाक मोकळे करण्याचा. औषधाच्या दुकानात नाकात घालावयाचे साध्या सलाइनचे थेंब मिळतात. पाजण्यापूर्वी व झोपविण्यापूर्वी प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब सोडावेत, मिनिटभर थांबावे आणि मऊ सुती कापडाची वात करून बाहेर आलेला शेंबूड टिपून घ्यावा. चोंदलेले नाक उघडण्यासाठी मोठ्यांना दिले जाणारे औषधी थेंब बाळाच्या नाकात कदापि घालू नयेत. सलाइनची बाटली घेताना त्यावरील नाव वाचून खात्री करून घ्यावी.

तिसरा उपाय बाळास उभे धरण्याचा. जागे असताना त्यास खांद्यावर उभे धरावे, म्हणजे श्वास सुलभ होतो. पाठीवर हलके थोपटल्याने बाळास धीर वाटतो. मात्र कफ काढण्यासाठी जोराने थापट्या मारू नयेत. झोपविताना पाठीवरच झोपवावे व डोक्याखाली उशी देऊ नये.

चौथा उपाय योग्य उबेचा. बाळ कोरडे व उबदार असावे. पण मुंबईच्या दमट हवेत तीन कपड्यांवर लोकरीची टोपी आणि वर घट्ट बाळोते, हा अतिरेक होय. छाती करकचून बांधली, तर श्वासासाठी ती फुलू शकत नाही.

काय टाळावे?

आपल्या घरांतील काही प्रथा प्रेमापोटी पाळल्या जातात, परंतु त्यांपासून अपाय होतो. हे सांगताना आजीच्या मायेचा अनादर करण्याचा मुळीच हेतू नाही. तिच्या मांडीची ऊब, खोबरेल तेलाचे हलके मालिश व रात्रभर जागणारे तिचे डोळे यांची जागा कोणतेही औषध घेऊ शकत नाही. मात्र पुढील गोष्टी सोडून द्याव्यात.

निखाऱ्यांवर ओवा व लसणीची साले टाकून बाळाला धुरी देण्याने त्याच्या सुजलेल्या श्वासनलिकांना अधिकच इजा होते. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवणे तर जिवावर बेतू शकते. नाकात तेल सोडल्यास ते फुप्फुसात उतरून वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो. कापूर पोटात गेला किंवा कातडीतून शोषला गेला, तर बाळास झटके येऊ शकतात. म्हणून कापूर मिसळलेले तेल व छातीला चोळावयाचे कापूरयुक्त मलम दोन वर्षांखालील बालकांना लावू नये. गरम पाण्याच्या भांड्याची वाफ देताना एका खोलीच्या घरात भाजण्याचे अपघात घडतात. एक वर्षाखालील बाळास मध चाटवू नये. त्यातील एका जिवाणूच्या बीजाणूंमुळे स्नायू लुळे पडण्याचा गंभीर विकार संभवतो. जायफळ उगाळून देण्याने किंवा ब्रँडीचे थेंब पाजण्याने कफ सुटत नाही; बाळ गुंगते, आणि मलूल होण्याचे लक्षण त्या गुंगीआड लपून जाते.

सर्वांत मोठी सावधगिरी खोकल्याच्या पातळ औषधांबाबत बाळगली पाहिजे. तान्ह्या बाळाचा कफ या औषधांनी कमी होतो, असे आढळून आलेले नाही. उलट त्यांपासून धोका मात्र आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याने दूषित झालेल्या ग्लिसरिनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमण्यात आला होता. तेच द्रव्य २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात मुलांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात आढळले. त्यापायी वीसहून अधिक बालकांनी प्राण गमावले. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. दोन वर्षांखालील बालकांना खोकल्याची व सर्दीची औषधे देऊ नयेत, असे केंद्र शासनाच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावले. घरातील मोठ्या भावंडाच्या बाटलीतले अर्धा चमचा औषध बाळाला देण्याची सवय या दृष्टीने अत्यंत घातक आहे.

वाफाऱ्याचे विजेवर चालणारे यंत्रही आता अनेक घरांत दिसते. ते यंत्र वाईट नव्हे. पण त्यात कोणते औषध, किती व किती वेळा घालावयाचे, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. तीच गोष्ट प्रतिजैविकांची. विषाणूजन्य सर्दीत त्यांचा उपयोग होत नाही. डॉक्टरांनी न्यूमोनियाचे निदान करून ती दिली असतील, तर मात्र बाळ हसू-खेळू लागले तरी ठरवून दिलेले सर्व दिवस पूर्ण करावेत.

उपनगरातील हवा आणि घर

मुंबईच्या उपनगरांत बाळांच्या श्वसनविकारांना पोषक अशी परिस्थिती वर्षभर असते. पावसाळ्यात ओल व दाटीवाटी असते, आणि दिवाळीनंतर धूळ व धुरके पसरते. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर पूर्व उपनगरांवर अनेक दिवस राहिला होता, हे पुष्कळांना आठवत असेल. शहराची हवा एका मातेच्या हाती नसते, परंतु खोलीतील हवा पुष्कळशी तिच्या कुटुंबाच्या हाती असते. घरात विडी-सिगारेट ओढू नये. बाळाजवळ उदबत्ती व डासांची अगरबत्ती जाळू नये. डासांसाठी मच्छरदाणी वापरावी. स्वयंपाकाच्या वेळी खिडकी उघडी ठेवावी. भिंतीची ओल पुसून घ्यावी. लोकलच्या गर्दीतून घरी परतणाऱ्याने आधी हात साबणाने धुवावेत आणि मगच बाळाला उचलावे. घरात ज्यास सर्दी झाली असेल, त्याने बाळाचा पापा घेणे टाळावे; आईलाच सर्दी असेल, तर तिने नाकतोंडावर स्वच्छ फडके बांधून पाजावे.

लस हे सर्वोत्तम कवच

शासकीय लसीकरण कार्यक्रमात न्यूमोनियापासून रक्षण करणाऱ्या लसी विनामूल्य दिल्या जातात. पेंटाव्हॅलंट लस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात दिली जाते. तीत डांग्या खोकला व हिब जंतू यांविरुद्धचे संरक्षण अंतर्भूत आहे. न्यूमोकोकल लस महाराष्ट्रात २०२१ पासून या कार्यक्रमात आली असून ती सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात देण्यात येते. नवव्या महिन्यातील गोवर-रुबेला लसही तितकीच आवश्यक आहे, कारण गोवरानंतर न्यूमोनिया होण्याचे प्रमाण मोठे असते. २०२२ च्या अखेरीस गोवंडी परिसरात झालेल्या गोवराच्या उद्रेकात बालके दगावली, तेव्हा लसीकरण अपुरे राहण्याची किंमत किती भारी असते, ते मुंबईने पाहिले. सर्दी-पडसे आहे म्हणून लस पुढे ढकलू नये. याबाबत लसीकरण केंद्रातील परिचारिकेचा सल्ला घ्यावा.

कोठे जावे?

उपनगरांत महापालिकेचे दवाखाने व आरोग्य केंद्रे वस्त्यावस्त्यांतून आहेत. आपल्या विभागातील आरोग्य सेविका किंवा अंगणवाडी सेविका यांच्याकडून जवळच्या केंद्राची वेळ आधीच विचारून ठेवावी. मोठ्या रुग्णालयांत विलेपार्ल्याचे कूपर, घाटकोपरचे राजावाडी व कांदिवलीचे शताब्दी यांचा उल्लेख करता येईल. राज्यात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका उपलब्ध आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत आजारी नवजात बालकांना विनामूल्य उपचार देण्यात येतात व ही सवलत पुढे एक वर्षापर्यंतच्या बालकांना लागू झाली. पैशांच्या विवंचनेपायी घराबाहेर पडण्यास विलंब लावू नये. बाळास नेताना त्याला उभे धरावे, जमल्यास वाटेत पाजत राहावे, आणि घरी मोजलेल्या श्वासांची संख्या व वेळ डॉक्टरांना अवश्य सांगावी. त्यांना त्या एका आकड्याची मोठी मदत होते.

केंद्र शासनाने २०१९ मध्ये बालकांच्या न्यूमोनियाविरुद्ध 'सांस' हे अभियान सुरू केले. अशा अभियानांचे यश अखेर घराघरातील दक्षतेवरच अवलंबून असते. पावसाच्या त्या रात्री घाटकोपरच्या खोलीत बाळ घरघरत असेल, तेव्हा आईने दिवा लावावा, झबले वर करावे आणि आजीच्या हाती घड्याळ द्यावे. श्वास पंचेचाळीस भरले, पोट उडत नाही आणि नाक मोकळे करताच बाळ चुटुचुटु पिऊ लागले, तर सर्वांनी निर्धास्त झोपावे. सकाळी पुन्हा मोजून पाहावे. श्वास साठ भरले, तर दोघींनी छत्री घेऊन निघावे. थांबावे की निघावे, हे ठरविण्यास एक मिनिट पुरते. ते मिनिट आपल्या बाळासाठी प्रत्येक घराने राखून ठेवावे.